नोकरी-व्यवसाय सांभाळून कोकणातील गावात चित्रमालिका, कलामंडळ आणि प्रदर्शन कसे उभे करावे

कोकणातील छोट्या शहरात राहणाऱ्या चित्रकाराचा संसार सहसा त्याच्या मनातल्या चित्रांवर चालत नाही. कोणी शाळेत चित्रकला शिकवतो, कोणी दुकानांच्या पाट्या रंगवतो, कोणी फ्लेक्सची डिझाइन करून देतो, आणि नागपंचमीपासून चतुर्थीपर्यंत तर ब्रश धरता येणारा जवळजवळ प्रत्येक हात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, गुंतलेला असतो. ही कामे मानाची आहेत आणि ती सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही. त्यांच्या जोडीने स्वतःचे असे एखादे काम मात्र प्रत्येकाच्या मनात असते, ते उत्साहाने सुरू होते आणि बहुधा अर्ध्यावर थांबते. माझे मत असे की हे काम कोकणच्या वर्षाच्या क्रमाला धरून आखले आणि सुरुवातीपासूनच गावातल्या चार माणसांना सोबत घेऊन केले, तर ते तडीस जाते. एका वर्षात एक चित्रमालिका, तिच्याभोवती एक लहानसे मंडळ आणि शेवटी गावातच एक प्रदर्शन, एवढे उद्दिष्ट धरून पुढील क्रम सांगितला आहे.

विषय लहान घ्यावा आणि नियम आधी ठरवावेत

‘कोकणचे सौंदर्य’ हा विषय वर्षभरात कधीच संपत नाही, म्हणून तो घेऊ नये. ‘आमच्या बंदरावरच्या होड्या’, ‘बाजारपेठेतील जुन्या दुकानांच्या लाकडी फळ्या’, ‘गावातील जांभ्याच्या चिऱ्यांची घरे’, ‘रापणीचे काम’ (किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेली मासेमारी) असे विषय घ्यावेत, कारण ते पायी फिरून पाहता येतात आणि किती चित्रे झाली म्हणजे विषय पुरा झाला हेही ठरवता येते. पहिल्या वर्षी बारा ते सोळा चित्रे पुरेशी आहेत. सर्व चित्रे एकाच आकाराची असावीत, माध्यम एकच असावे आणि रंगही मोजके असावेत. हे बंधन जाचक वाटले तरी थकून घरी आल्यावर ‘आज काय काढू’ या प्रश्नात जाणारा वेळ त्यामुळे वाचतो.

नियमांतून मालिकेला एकपणा कसा येतो हे पाहायचे असेल तर सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा जोड, समोर ठेवून बसावे. तिच्यात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग (पत्त्यांचे गट), आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, आणि पान वर्तुळाकार. इतक्या घट्ट चौकटीतही दहा मासे गोल पानावर बसवताना चित्रकाराला मांडणीचा विचार प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो. विषय आणि आकार ठरलेला असला की सगळी शक्ती मांडणीवर लावता येते, आणि कमी वेळात काम करणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

विषय निवडताना नोंद म्हणून उपयोगी पडेल अशा गोष्टींकडे माझा ओढा अधिक आहे. सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील काही जुन्या मंदिरांच्या भिंतींवर कावेची चित्रे आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो ओला असतानाच कोरून आतला पांढरा चुना उघडा करायचा, अशी ती पद्धत आहे. जीर्णोद्धारात अशा भिंतींवर ऑइलपेंट चढला की चित्र कायमचे जाते. रत्नागिरी परिसरातील उक्षी, कशेळी, बारसू येथील सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पे हाही असाच विषय आहे. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली कोकणच्या कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यांची रेखाटने करताना रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरू नये, शिल्पावर पाय देऊ नये. सूर्य खाली असताना, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात रेषा आपोआप उठून दिसतात.

वर्षाची आखणी

मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्यात, विषयाची ठिकाणे पाहून स्केचबुकात टिपणे करून घ्यावीत आणि उजेड कोणत्या वेळी कसा पडतो ते लिहून ठेवावे. जून-जुलैमध्ये घरात बसून मांडणीची छोटी रेखाटने आणि रंगांच्या चाचण्या कराव्यात. ऑगस्टपासून विसर्जनापर्यंतचा काळ आखणीतून सरळ वगळावा. तो कमाईचा काळ आहे, आणि त्या दिवसांत मूर्तीचे डोळे आखून दमलेला हात रात्री स्वतःच्या चित्राला न्याय देऊ शकत नाही. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हे खरे रंगवण्याचे महिने, कारण हवा कोरडी होत जाते आणि उजेड स्वच्छ असतो.

प्रदर्शनासाठी दोनच मोसम विचारात घ्यावेत. डिसेंबरच्या अखेरीस पर्यटक असतात, मेच्या पहिल्या पंधरवड्यात चाकरमानी घरी आलेले असतात. छापील प्रती आणि पोस्टकार्डे विकायची असतील तर डिसेंबर बरा. आपले घर, आपली वाडी चित्रात पाहून मूळ चित्र घेणारा माणूस मात्र मे महिन्यात भेटतो. गणपतीत गाव भरलेले असते हे खरे, तरी त्या दिवसांत लोक आरत्या, भजने आणि एकमेकांच्या घरी जाण्यात असतात, सभागृहाकडे कोणी फिरकत नाही. मेच्या अखेरीस अवकाळी पाऊस आणि विजेचा लपंडाव ठरलेला असल्याने तेही दिवस टाळावेत. जत्रेची तारीख जवळ येत नाही ना, हेही गावात विचारून घ्यावे.

रोजच्या वेळेबद्दल एवढेच सांगतो की कामाचे तुकडे पाडावेत. आखणी एका दिवशी, पहिला वॉश (पातळ रंगाचा थर) दुसऱ्या दिवशी, बारकावे रविवारी. प्रत्येक तुकडा पाऊण तासात बसेल इतका लहान असावा.

दमट हवेत कागद आणि चित्र सांभाळणे

कोकणात चित्रकाराचा सर्वांत मोठा खर्च रंगांवर होत नाही, तो बुरशीने खराब झालेल्या कागदावर होतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरील घरांत ती यापेक्षा पुष्कळ जास्त असते. जलरंगातील डिंक आणि कागदाला दिलेली खळ हे दोन्ही बुरशीचे खाद्यच आहे. म्हणूनच कोऱ्या कागदाइतकीच पुऱ्या झालेल्या चित्राचीही काळजी घ्यावी लागते.

जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा. तो महाग असला तरी ओल्या हवेत कमी फुगतो आणि बोर्डवर ताणून बसवण्याचा खटाटोप वाचतो. पावसाळ्यात पहिला वॉश वरवर सुकलेला दिसतो, आतून ओला असतो, आणि त्यावर दुसरा थर दिला की खालचा रंग उचलून येतो व कडांना मळकट डाग पडतात. याची परीक्षा सोपी आहे. बोटांची मागची बाजू कागदाच्या न रंगवलेल्या कडेला हलकेच लावावी. कागद गार लागला तर ओल शिल्लक आहे असे समजावे आणि थांबावे. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर तो हातभर लांब धरून सतत फिरवत ठेवावा, नाहीतर रंग एका बाजूला ढकलला जातो.

साठवणीसाठी लोखंडी कपाट किंवा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, तो भिंतीपासून चार बोटे सुटा ठेवावा आणि पश्चिमेच्या भिंतीला तर मुळीच ठेवू नये, कारण पावसाचा मारा त्याच बाजूने असतो. प्रत्येक दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालावा. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दाण्यांचा रंग पालटला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावेत. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशी थांबत नाही, तेव्हा त्यांच्यावर विसंबू नये. महिन्यातून एकदा, उघडीप मिळेल त्या दिवशी, सगळी चित्रे बाहेर काढून पंख्याखाली पसरावीत. बुरशीचे ठिपके दिसलेच तर ओल्या फडक्याने पुसू नये, त्याने डाग आत मुरतो. चित्र आधी पूर्ण सुकू द्यावे, नंतर तोंडाला मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने हलकेच झाडावे.

फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) मध्ये असला की दोहोंत हवा राहते. फ्रेमवाल्याला मागे साध्या पुठ्ठ्याऐवजी आम्लरहित बोर्ड घालायला सांगावे, मागची फट ब्राऊन टेपने बंद करून घ्यावी आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे बूच लावून घ्यावेत, म्हणजे फ्रेम भिंतीपासून किंचित सुटी राहते.

नदीकाठच्या शहरांत आणखी एक गोष्ट पाळावी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पुराचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा तळमजल्यावरचे सारे गेले. चित्रे माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवावीत आणि त्यांची स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडेही असू द्यावी.

माणसे कशी जमवावीत

आपल्या गावात कलाकारच नाहीत ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो आणि ती मला पटत नाही. शाळेतले चित्रकला शिक्षक, मूर्तिकार, पाट्या रंगवणारे, रांगोळीतून व्यक्तिचित्रे काढणारे, दशावतारी नाटकमंडळींची रंगभूषा करणारे, फोटो स्टुडिओवाले, लाकडी खेळणी रंगवणारे, गणपतीमागच्या भिंतीवर दरवर्षी नवे चित्र काढून देणारे असे सगळे मोजले तर तालुक्याच्या गावी डझनभर माणसे सहज निघतात. त्यांच्यातील पुष्कळजण स्वतःला कलाकार म्हणवून घेत नाहीत, एवढेच. सुरुवात यांतील तिघाचौघांना प्रत्यक्ष भेटून करावी. फोनवर निरोप धाडण्यापेक्षा मूर्तिकाराच्या शाळेत जाऊन, त्याचे काम पाहून, चहा घेऊन बोलणे अधिक उपयोगी पडते. ही भेट चतुर्थी उलटल्यानंतरच घ्यावी हे सांगायला नको.

पहिला उपक्रम म्हणून महिन्याच्या ठरावीक रविवारी सकाळी सात ते नऊ बाहेर बसून रेखाटन करणे हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. दिवस आणि वेळ बदलू नये. दोनच माणसे आली तरी बैठक व्हावी, कारण एकदा रद्द झालेली बैठक पुढच्या वेळी चौघांना घरी बसवते. वर्गणी ठेवू नये, ज्याचे साहित्य त्याने आणावे. शेवटची वीस मिनिटे सगळ्यांनी आपापली वही मधोमध मांडावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रातील एका गोष्टीविषयी बोलावे. ज्येष्ठांनी आधी बोलू नये असा नियम मी आग्रहाने सुचवतो. सर बोलले की विद्यार्थी गप्प होतात आणि मग बैठकीचा वर्ग होतो.

जेटीवर किंवा बाजारात बसण्याआधी विचारावे. ‘काकानू, तुमच्या होडयेचा चित्र काढूचा हा, चलात मां?’ एवढे विचारले की सहसा होकार मिळतोच, शिवाय होडीच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, ती कोणत्या लाकडाची, शेवटची कधी रंगवली हेही कळते. ते चित्राच्या मागे लिहून ठेवावे. लिलावाच्या गर्दीत वाट अडवून बसू नये आणि मासळी विकणाऱ्या बायकांचे चित्र त्यांना सांगितल्याशिवाय काढू नये.

शाळेतील मुले हा मंडळाचा दुसरा आधार. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कला संचालनालय घेते. दरवर्षी अनेक शाळांतून मुले या परीक्षांना बसतात आणि स्मरणचित्राच्या पेपरात पुष्कळदा अडतात. पाहिलेले नसले की आठवत नाही. रविवारच्या बैठकीत आठवी-नववीची मुले आली आणि त्यांनी बाजारात उभी असलेली, वाकलेली, टोपली उचलणारी माणसे भराभर टिपली, तर त्यांचा हा पेपर सुधारतो आणि पालकांनाही मंडळाचे प्रयोजन कळते. कलेचे रीतसर शिक्षण घ्यायची इच्छा असलेल्या मुलाला चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथील कला महाविद्यालयाची माहिती द्यावी. मुंबई गाठल्याशिवाय कला शिकता येत नाही, ही समजूत त्यामुळे दूर होते.

परंपरेच्या वारसदारांकडे जाताना

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांची परंपरा जपली आहे. एकेका कथेच्या चित्रांची पोथी असते आणि चित्रे एकामागून एक दाखवत, गात कथा सांगितली जाते. या परंपरेसाठी आयुष्य वेचणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभे केले, ही गोष्ट सभागृह नाही म्हणून अडून बसणाऱ्या प्रत्येक मंडळाने ध्यानात घ्यावी. सावंतवाडीत चिताऱ्यांची चितार आळी आहे, आणि राजवाड्यात गंजिफेचे काम पाहता येते. विसाव्या शतकात ही कला संपत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली.

मंडळाने अशा ठिकाणी जरूर जावे, परंतु नुसते फोटो काढून परतू नये. प्रात्यक्षिकाचे मानधन आधी विचारावे आणि ते पूर्ण द्यावे. चित्रकथीतील मोठे डोळे आणि एका बाजूस वळलेले चेहरे उचलून आपल्या पोस्टकार्डावर ‘चित्रकथी’ असे छापणे हे, माझ्या मते, गैर आहे. तेथून मांडणी शिकावी, रेषेचा ठाशीवपणा शिकावा, कथा चित्रांच्या क्रमात कशी बसवतात ते पाहावे, आणि आपल्या मालिकेत कोणाकडून काय घेतले ते प्रदर्शनात लिहावे.

प्रदर्शनाची तयारी

जागेसाठी पहिला अर्ज गावच्या वाचनालयाकडे करावा. कोकणात जुनी वाचनालये पुष्कळ आहेत, त्यांचे सभागृह अल्प भाड्यात मिळू शकते आणि तेथे येणारा माणूस शांतपणे पाहणारा असतो. कार्यवाहांच्या नावे तीन महिने आधी लेखी अर्ज द्यावा, त्यात तारखा, चित्रांची संख्या आणि भिंतीला खिळे मारणार नाही ही हमी लिहावी. सभागृह नसेल तर एखाद्या मोठ्या घराची पडवी किंवा शाळेचा वर्गही चालतो.

खिळे मारायचे नसल्याने मंडपवाल्याकडून बांबू आणि पांढरे कापड घ्यावे. भिंतीसमोर आडवा बांबू बांधून त्यावरून नायलॉनच्या दोऱ्यांनी फ्रेम सोडाव्यात, प्रत्येक फ्रेमला दोन दोऱ्या द्याव्यात म्हणजे ती पंख्याच्या वाऱ्याने फिरत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर यावा. मुले अधिक येणार असतील तर तो थोडा खाली घ्यावा. दोन चित्रांत किमान वीतभर अंतर ठेवावे. काचेत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते, म्हणून आदल्या संध्याकाळी दिवे लावून प्रत्येक चित्रासमोर उभे राहून पाहावे आणि जेथे चमक येते तेथे फ्रेमची वरची कड किंचित पुढे झुकवावी. चित्राखालच्या चिठ्ठीवर शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत लिहावी. किंमत लपवू नये. विचारायला संकोच वाटतो म्हणून विकत न घेणारे लोक आपल्याकडे फार आहेत.

उद्घाटनाचा कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपावा. ज्यांच्या होड्या, दुकाने, घरे चित्रांत आहेत त्यांना घरी जाऊन आमंत्रण द्यावे आणि पहिल्या रांगेत बसवावे.

किंमत, छापील प्रती आणि हक्क

किंमत ठरवताना हिशोब कागदावर मांडावा. समजा कागद ७० रुपये, रंग-ब्रशची झीज ४०, माउंट १५० आणि सहा तासांचे काम ताशी १५० प्रमाणे ९००, तर चित्राची किंमत ११६० रुपयांच्या खाली जाऊ नये. फ्रेमचा खर्च वेगळा सांगावा. ओळखीच्या माणसाला सूट द्यायची असेल तर किंमत तीच ठेवून सोबत पोस्टकार्डांचा संच भेट द्यावा, कारण एकदा उतरलेला भाव गावात पसरतो आणि तो मंडळातल्या इतरांनाही भोवतो.

छापील प्रतीसाठी चित्र मोबाइलने टिपण्यापेक्षा सपाट स्कॅनरवर स्कॅन करावे. ए-५ आकाराला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) साधारण १७४८ × २४८० पिक्सेल मिळतात. दुप्पट मोठी प्रत काढायची असेल तर ६०० डीपीआय ठेवावे. एकच प्रत आधी छापून मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात ताडून पाहावी. पावसाळी हिरवे आणि जांभ्याचा तांबडा हे दोन रंग छपाईत हमखास बिघडतात. दुकानात प्रती ठेवताना किती दिल्या, कमिशन किती आणि हिशोब कधी, हे दुकानदाराच्या सहीने लिहून घ्यावे.

हक्कांची माहिती प्रत्येक चित्रकाराला असायलाच हवी. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्र तयार होताच हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मूळ चित्र विकले म्हणून ते छापण्याचा हक्क विकला जात नाही, तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. परंतु एखाद्या हॉटेलमालकाने पैसे देऊन आपल्याकडून चित्र काढून घेतले आणि उलट करार केलेला नसला, तर त्या चित्राचा पहिला हक्कधारक तो मालक ठरतो. म्हणून ऑर्डर घेताना ‘पुनर्मुद्रणाचे हक्क चित्रकाराकडे राहतील’ हे वाक्य पावतीवर लिहून दोघांनी सही करावी. ऑर्डर मिळण्याच्या आनंदात हे राहून जाते आणि वर्षभराने आपलेच चित्र दुसऱ्याच्या कॅलेंडरवर दिसते.

मंडळाचा हिशोब

पहिली दोन वर्षे मंडळ नोंदवण्याची घाई करू नये. एक जमाखर्चाची वही, दोन माणसांच्या सह्या आणि दर बैठकीत वाचून दाखवलेला हिशोब पुरेसा आहे. संस्था नोंदवायची वेळ आलीच तर किमान सात सदस्य लागतात आणि काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून होते. मंडळातील मूर्तिकार, पारंपरिक खेळणी करणारे किंवा होड्या बांधणारे यांना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्यावी. तिच्यातील १८ व्यवसायांत हे तिन्ही येतात आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. अर्ज भरायला बसण्यासाठी मंडळातील एखाद्या तरुणाने सोबत जावे.

प्रदर्शन उतरवल्यावर न विकलेली चित्रे कपाटात जाण्याआधी पूर्ण मालिकेचा एक छापील संच, प्रत्येक चित्राच्या मागे ठिकाण, तारीख आणि होडीवाल्या काकांनी किंवा दुकानदाराने सांगितलेली माहिती यांसह, वाचनालयाच्या संदर्भ विभागात दाखल करावा आणि त्याची पोच घ्यावी. पुढच्या वर्षीचा विषय मंडळाने त्याच आठवड्यात ठरवावा, कारण मे संपायच्या आत ठिकाणे पाहून व्हायला हवीत.